गोळीच्या जोडीला स्वसंमोहन चालेल का?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत आहे. बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचे (लक्ष न टिकणे व अतिचंचलता असलेल्या विकाराचे) निदान करून सकाळी मेथिलफेनिडेटची गोळी सुरू केली आहे. शाळेत फरक पडला; पण संध्याकाळी गृहपाठाला बसवले की रडारड होते आणि रात्री झोप लवकर लागत नाही. नातेवाइकांनी स्वसंमोहन शिबिराची जाहिरात पाठवली आहे. त्याने गोळी बंद होते, हे खरे आहे का? — एक आई, सांगली

उत्तर : नाही, आणि डॉक्टरांना न विचारता गोळी थांबवू नये. स्वसंमोहनाने या विकाराची मूळ लक्षणे जातात असे म्हणण्याइतका पुरावा नाही. झालेले अभ्यास मोजक्या मुलांवरचे आहेत. मुलांच्या जुनाट पोटदुखीत किंवा सुई टोचतानाच्या वेदनेत व भीतीत मात्र संमोहनाचा उपयोग अधिक स्पष्टपणे दिसून आला आहे. संमोहन म्हणजे रंगमंचावरचा खेळ, असा समज आपल्याकडे घट्ट असला, तरी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्येच त्याचा वैद्यकीय उपयोग मान्य केला होता.

कमी काळ टिकणाऱ्या मेथिलफेनिडेटचा परिणाम साधारण चार तासांत ओसरतो, दीर्घ परिणामाच्या गोळीचा त्याहून उशिरा. आणि तो ओसरताना काही मुले चिडचिडी होतात. झोप उशिरा लागणे हाही या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे. त्यामुळे आधी गोळीचा प्रकार आणि वेळ यांविषयी डॉक्टरांशी बोला. त्यानंतर जी अस्वस्थता उरेल तिच्यासाठी, विशेषतः झोपेसाठी, स्वसंमोहन जोडीला घ्यायला हरकत नाही.

मुले कल्पनेत सहज रमतात, म्हणून हे वय त्याला अनुकूल आहे. मुलाने चिमटीत रुपयाचे नाणे धरून हात समोर ताणायचा, नजर नाण्यावर ठेवायची आणि बोटे थकली की ते पडू द्यायचे. नाणे पडले की डोळे मिटून स्वतः निवडलेल्या आवडत्या जागी, मग ती आजोळची विहीर असो की क्रिकेटचे मैदान, मनाने जायचे, तिथले आवाज ऐकायचे, वारा अंगावर घ्यायचा आणि शेवटी ‘आता हे एकच गणित’ किंवा झोपताना ‘अंग सैल पडले आहे’ असे छोटे वाक्य मनात म्हणायचे. पाच-सात मिनिटे पुरतात. मध्येच तो पाय हलवील, डोळे उघडून काहीतरी विचारील. या मुलांच्या बाबतीत ते धरूनच चालायचे. दंगा केला की ‘जा, नाणे घेऊन बस’ असे मात्र कधीही म्हणू नका. शिक्षा वाटू लागली, की तो नाण्याला हातही लावणार नाही.

सभागृहभर मुलांना एकत्र बसवून स्मरणशक्ती वाढवून देणाऱ्या सुट्टीतल्या शिबिरांत त्याला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे तंत्र शिकलेले बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडेच ते शिकावे, आणि मुलाला पूर्वी कधी फिट आली असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगावे.