शेतातली काळी माती कुंडीत का रुसते

ताई, तुम्ही लिहिलंय की गावाकडच्या शेतातली चांगली काळी माती आणून बाल्कनीतल्या कुंड्या भरल्या, निम्मं शेणखत घातलं, तळाला विटांचे तुकडेही टाकले. तरी पावसाळ्यात दोन मिरच्यांनी माना टाकल्या आणि कढीपत्त्याची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. आता कोणतं खत कमी पडलं, असं विचारताय.

खत भरपूर आहे. मुळांना हवा मिळत नाहीये.

तीच माती शेतात सोनं असते, कारण तिथे पाण्याला खाली खोलवर ओढून घेणारी जमीन असते. कुंडीला तळ असतो आणि पाणी तिथे अडकतं. घरी एक गंमत करून बघा. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. म्हणजे भोकं कितीही असोत, तळाचा काही भाग गच्च ओला राहणारच, आणि माती जितकी बारीक कणांची तितका तो थर जाड. विटांच्या तुकड्यांनी निचरा होतो हा आपल्याकडचा लाडका समज आहे. मीही कित्येक वर्षं इमानाने तुकडे भरले. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी, ती पूर्ण भिजेपर्यंत, खालच्या मोकळ्या जागेत उतरतच नाही. तो ओला थर तुकड्यांच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी घटते. भोकावर एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, बाकी कुंडी मिश्रणानेच भरा.

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. भिजली की फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. उन्हाळ्यात पाणी त्या फटीतून सरळ खाली येतं, ताटली भरलेली बघून आपण समाधानी होतो आणि आतला गोळा कोरडाच असतो. शिवाय तिच्यात बहुधा चुना असतो, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी याचं माप) आठच्या आसपास जातो आणि मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. त्यात मुळं पाण्यात बसलेली. तुमच्या कढीपत्त्याची ती पिवळी पानं मला याच जोडीचं काम वाटतात.

माती फेकू मात्र नका, तिचा वाटा कमी करा. मी घमेल्याने मोजतो, वजनाने नाही: काळी माती एक, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) एक, मुरलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट एक आणि काहीतरी जाडसर एक. लाल माती असेल तर जाडसर अर्धं घमेलं पुरतं. जाडसर म्हणजे भाताचं तूस, चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा (गव्हापासून वाटाण्याएवढा), लाकडी कोळशाचे तुकडे, जे सहज मिळेल ते. परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) चांगलं, पण महाग, आणि जोराच्या पावसात वर तरंगून येतं. बारीक वाळू अजिबात नको. ती मातीच्या कणांत बसते आणि सगळं गिलाव्यासारखं घट्ट होतं. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड घाला, मिश्रण ओलसर करून दोन आठवडे सावलीत झाकून ठेवा, मग लावा.

तयार झालं की मूठ आवळून बघा. गोळा व्हायला हवा, पण बोटाने टोचला की फुटायला हवा. फुटला नाही तर जाडसर वाढवा.

वजनाचंही बघा. बारा इंची कुंडीत साधारण 15 लिटर माल मावतो आणि नुसती ओली माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे एकेक कुंडी पंचवीस किलोची. बाल्कनीत अशा वीस मांडण्याआधी विचार करा.

कोकोपीटची वीट भिजवून तसंच वापरू नका. नारळाच्या सालीत क्षार असतात, कधी कधी त्या खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या असतात. दोन-तीन पाण्यांतून काढून पिळून घ्या. त्यात अन्न जवळजवळ नसतंच, उलट ते कॅल्शियम धरून ठेवतं. कोकोपीट जास्त झालं की टोमॅटोची बुडं काळी पडतात, त्यात हेही एक कारण असू शकतं. आणि ते वरून कोरडं दिसतं, आत ओलं असतं. बोट खुपसल्याशिवाय पाणी घालू नका.

शेणखताच्या बाबतीत मी हट्टी आहे. हातात घेतल्यावर गार लागलं पाहिजे, शेणाचा वास यायला नको, चहाच्या चोथ्यासारखं मोकळं हवं. एकदा घाईत अर्धवट कुजलेलं पोतं घेतलं आणि त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी आली, पांढरट, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली. वांग्याची चार रोपं वरून ठणठणीत दिसत होती, हलकेच ओढली तर मुळांसकट येण्याऐवजी नुसती हातात आली. मुळं शिल्लकच नव्हती. तेव्हापासून पोतं घरी आलं की आधी कागदावर पसरतो. निम्मं शेणखत तर कशालाच नको. खाली बसत जातं आणि कुंडी घट्ट होते.

सगळ्या झाडांना एकच मिश्रण नको. मेथी-कोथिंबिरीला कोकोपीट थोडं जास्त चालेल. कोरफडीला जाडसर दुप्पट. कढीपत्ता, लिंबू वर्षानुवर्षं त्याच कुंडीत राहणार, त्यांना मातीचा वाटा थोडा वाढवा, कारण बाकी सगळं कुजून खाली बसतं.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची काळी पिशवी फाडली की आत बहुतेक वेळा लाल मातीचा दगडासारखा गोळा निघतो. तो तसाच मोकळ्या मिश्रणात ठेवला तर पाणी त्याच्या बाजूने निघून जातं आणि रोप ओल्या कुंडीत तहानेने मरतं. गोळा बादलीत अर्धा तास भिजवा, कडेची माती बोटांनी हलकेच सोडवा, मग लावा.

मिरच्या गेल्याच, त्या कुंड्या आत्ताच रिकाम्या करा. कढीपत्त्याला मात्र लगेच हात लावू नका. थंडीत तो झोपतो, फेब्रुवारीअखेर नवे कोंब दिसले की बदला. तोवर खालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा आणि वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका.