गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलंय, जुना प्रोपेलर शाफ्ट चालेल का? बदलायचा तर स्टीलचा घ्यावा की अॅल्युमिनियमचा?

धातूचं नंतर बघू. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता पाइप, आणि त्याच्या दोन्ही टोकांचा वळता सांधा म्हणजे क्रॉस. आधी टेप घ्या आणि पुढच्या क्रॉसच्या मध्यापासून मागच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत शाफ्ट किती लांब आहे ते मोजा. हे न विचारताच जो “जाड पाइपचा बनवून घ्या, काही होत नाही” असं सांगतो, त्याचं ऐकू नका. असा एक माणूस आमच्या घरातच आहे, माझा मेहुणा. आमचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

टॉर्कचं, म्हणजे पिळणाऱ्या जोराचं, थोडक्यात सांगतो. इंजिन ३०० न्यूटन-मीटरचं आणि पहिला गिअर ३.५ चा असेल तर शाफ्टवर १०५० येतात. त्यात चिकट टायर आणि एकदम सोडलेला क्लच, म्हणजे झटका आणखी मोठा. तिथे आधी क्रॉस, योक (क्रॉस धरणारा दुबेळका) आणि स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे खाचेदार दात) जातात, पाइप शेवटी. ताकद दुप्पट केलीत ना, मग क्रॉस एक माप मोठे टाकाच.

पण वेगाने शाफ्ट जातो त्याचा हिशेब वेगळा. त्यात इंजिनाची ताकद कुठेच येत नाही.

मेहुण्याने मोठं इंजिन बसवलं तेव्हा मूळचा दोन तुकड्यांचा शाफ्ट काढला आणि त्याला मधे आधार देणारं सेंटर बेअरिंगही काढून टाकलं. का, तर “बेअरिंग म्हणजे बिघडायची आणखी एक जागा.” त्याऐवजी दीड मीटरचा एकच अख्खा शाफ्ट, ७५ मिलिमीटर व्यासाचा, पाइपची जाडी २ मिलिमीटर. मी लेथवरचा माणूस. लांब, बारीक जॉब स्टेडी (मधला आधार) न लावता फिरवला की मधोमध काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. कागद घेऊन बसलो. एवढ्या पाइपचा क्रिटिकल स्पीड ५६०० आरपीएमच्या आसपास येतो. त्या वेगाला पाइपचं फिरणं त्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतं आणि तो मधून वाकून फिरायला लागतो. म्हणून चालवायचं त्याच्या पाऊणपटीपर्यंतच, म्हणजे ४२००. त्याच्या गाडीचा डिफरन्शियल ४.१ चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे. टायरचा घेर २ मीटर. ताशी १२० ला शाफ्ट ४१०० फिरतो, १६० ला जवळपास ५५००. म्हणजे १२० च्या पुढे सगळं उधारीवर.

१४० च्या पुढे बुडाखाली गुरगुर सुरू झाली. मेहुणा म्हणाला, चाकांचं बॅलन्सिंग. मग म्हणाला, शाफ्टचं बॅलन्सिंग. शेवटी त्याच व्यासाचा, पण ५ मिलिमीटर जाडीचा पाइप टाकून आणला. बाहेरचा व्यास तोच ठेवून आतून जाडी वाढवली की ताठपणा वाढतो, पण वजन त्याहून जास्त वाढतं आणि क्रिटिकल स्पीड उलट खाली येतो. इथे तो ५४०० च्याही खाली आला. हे त्याला आकड्यांसकट दाखवलं. उत्तर मिळालं, “दाजी, तुम्ही लेथवाले, गाडी चालवून बघा.”

एकच गोष्ट मी हट्टाने करून घेतली. पुढच्या क्रॉसपासून १५० मिलिमीटरच्या आत, ६ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर रुंद पट्टीची, शाफ्टभोवती पूर्ण वेढा घेणारी कडी. पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचं पुढचं टोक खाली पडतं, रस्त्यात रुततं आणि गाडी त्याच्यावर उचलली जाते. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेने स्लिक (बिननक्षीच्या रेसिंग) टायरवर पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाड्यांना अशी कडी सक्तीची केली आहे, ती काय हौस म्हणून?

बंद धावपट्टीवर त्याने १५० ओलांडले आणि पुढचा क्रॉस फुटला. गाडी सरळ जाऊन थांबली. रॅम्पवर घेतली तेव्हा मी खाली उभा होतो. पाइपला मधोमध बाक आलेला. क्रॉसची एक टोपी गायब, दुसरीतल्या नीडल रोलरचा ग्रीसमध्ये चुरा. हँडब्रेकची केबल तुटून लोंबत होती. कडी आतून घासून चकचकीत झाली होती आणि एका जागी नख बसेल एवढी खाच पडली होती. दोन्ही वेल्ड शाबूत, मी बोट फिरवून पाहिले. तरी मेहुणा आजही वेल्डरलाच शिव्या घालतो आणि कडीचा विषय निघाला की म्हणतो, नशीब. नशीब ६ मिलिमीटर जाड नसतं.

आता तुमचं स्टील की अॅल्युमिनियम. ताठपणा आणि घनता यांचं गुणोत्तर दोन्हींत जवळपास सारखंच आहे, त्यामुळे त्याच मापाच्या पाइपला क्रिटिकल स्पीडही जवळपास तोच. अॅल्युमिनियम हलकं, म्हणून वजन न वाढवता मोठा व्यास घेता येतो, आणि व्यासाने हा आकडा वाढतो. गाडीखालच्या बोगद्यात तेवढी जागा नसेल तर तो फायदा गेला. कार्बन फायबरने खरोखर फरक पडतो, खिशालाही पडतो. लांबीचा परिणाम मात्र सगळ्यात मोठा. लांबी अर्धी केली की क्रिटिकल स्पीड चौपट. कंपनीने सेंटर बेअरिंग दिलं असेल तर ते राहू द्या.

हो, एक राहिलं. हा हिशेब दोन्ही टोकांना पक्का आधार आहे असं धरून केलाय. गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर असतो, त्यामुळे खरा आकडा आणखी खालीच येतो. टॉप गिअर ओव्हरड्राइव्ह असेल तर शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो, तेव्हा इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरवर जाऊ नका. गाडी खाली बसवली असेल तर जॉइंटचे कोन तपासा, दोन्हीकडे सारखे आणि ३ अंशांच्या आत हवेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या अॅक्सलला यातलं फारसं लागू नाही. आणि हे रस्त्यावर १५० ने पळवण्यासाठी लिहिलेलं नाही.

लांबी, बाहेरचा व्यास, डिफरन्शियलचा रेशो आणि टायरचं माप इथे लिहा, आकडा काढून देतो. पाइपची जाडी नाही लिहिलीत तरी चालेल.