कोर्स कुठला करू, असं विचारलंस म्हणून

तुझा मेसेज वाचला. ऑफिसमध्ये नवीन सिस्टीम आलीये, सगळे टेन्शनमध्ये, आणि तुला कळत नाहीये की आधी एक्सेल पक्कं करावं, एआय शिकावं की ते सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग उरकून टाकावं. मला विचारशील तर या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच. टूल येणं म्हणजे त्यात केलेलं काम उद्या तू सुट्टीवर असलास तरी दुसऱ्याला उघडून कळलं पाहिजे, नाहीतर नुसती बटणं पाठ करण्यात काय अर्थ आहे, ती तर बदलतच राहतात. लोकांनी वर्षानुवर्षं एक्सेलमधलं व्हीलुकअप (एका यादीतली माहिती शोधून दुसरीकडे आणणारा फॉर्म्युला) घोटलं, मग त्याच कामाचं नवं एक्सलुकअप आलं, 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आता फॉर्म्युलाही तेच लिहून देतं.

इंग्लंडमध्ये 2020 साली काय झालं बघ. कोविड टेस्टचे रिझल्ट गोळा करायला एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटच्या फाईल वापरल्या, त्यात एका शीटवर 65,536 च ओळी बसतात, त्यापुढचं गळून गेलं आणि 15,841 केसेस वेळेत मोजल्याच गेल्या नाहीत, त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायलाही उशीर झाला. ही लिमिट काही गुपित नव्हती. असल्या ठिकाणी एक साधा प्रश्न उपयोगी पडतो, "तुमच्याकडून किती ओळी निघाल्या आणि माझ्याकडे किती पोचल्या?" याला कोडिंग लागत नाही, थोडा आगाऊपणा लागतो, तो बिनधास्त कर.

मेसेज लिहायचंही तेच. "फाईल झाली का?" याला "हो, बघतो" हे उत्तर नाही. "शीट शेअर केलीये, एफ कॉलममधले आकडे अजून कच्चे आहेत, अकाउंट्सकडून उद्या 4 वाजेपर्यंत येतील, तोवर टोटल धरू नका" असं लिही, समोरच्याचे तीन फोन वाचतात. आणि ते फायनल, फायनल 2, नवीन फायनल असली नावं ठेवणं बंद कर प्लीज, गूगल शीट्स किंवा वनड्राइव्हसारख्या ठिकाणी ऑनलाइन शेअर केलेल्या फाईलला व्हर्जन हिस्टरी, म्हणजे आधीच्या बदलांची नोंद असते, तिथे जुन्या आवृत्त्या सापडतात.

आता जे सिनियर नव्या सिस्टीमवर अडकतात म्हणून तू वैतागून लिहिलंयस त्यांच्याबद्दल. त्यांच्या हातातला माउस ओढून घेऊ नकोस! शेजारी बस, त्यांनाच क्लिक करू दे, चुकलं तर अनडू कसं करायचं, म्हणजे केलेलं मागे कसं घ्यायचं, ते आधी दाखव, कारण भीती बहुतेक वेळा "बिघडलं तर?" याचीच असते, आणि चारचौघांत "अहो सोप्पं आहे" असं तर अजिबात म्हणू नकोस, त्याने माणूस पुन्हा विचारायलाच येत नाही. कुठल्या पार्टीचं बिल दरवेळी चुकीचं येतं हे सिस्टीमला माहीत नसतं, त्यांना असतं, तेवढं त्यांच्याकडून काढून घे.

एआयचं थोडक्यात सांगतो. मसुदा, फॉर्म्युला, लांबलचक मेलचा सारांश, खुशाल करून घे, पण आकडे नि नावं स्वतः तपास, कारण चुकीचं उत्तरही ते तितक्याच ठामपणे देतं. ग्राहकांची माहिती किंवा पगाराची शीट त्यात पेस्ट करायच्या आधी कंपनीची पॉलिसी काय आहे ते विचार, आणि विचारलंस ते मेलवर असू दे.

कोर्सची फी एवढ्यात भरू नकोस. आधी तुझ्याच रोजच्या कामातली एक शीट घे, कुठला कॉलम कुठून येतो ते वरती चार ओळींत लिही आणि ती दुसऱ्या टीममधल्या कुणाला तरी काही न सांगता उघडायला दे. ते कुठे अडतात ते मला कळव, मग कोर्सचं बघू.