का मेलो, ते कळले पाहिजे

गेल्या अंकात या सदरात ‘निंजा गायडेन’ आणि ‘सेकिरो’ या दोन अवघड निंजा-व्हिडिओ खेळांविषयी थोडे लिहिले होते आणि ज्यांनी ते खेळले आहेत त्यांनी आपले मत कळवावे, अशी विनंती केली होती. आलेल्या पत्रांत मतांपेक्षा तक्रारी अधिक आहेत. त्यांतल्या बऱ्याच तक्रारी मला खऱ्या वाटल्या, म्हणून या वेळी प्रश्न थोडे घेतले आहेत आणि उत्तरे मात्र सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: ताई, मी रावपुऱ्यात राहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. ‘निंजा गायडेन ब्लॅक’ सुरू करून आठवडा झाला, पण पहिल्या टप्प्याच्या शेवटी मुराई नावाचा जो नानचाकूवाला (साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांनी लढणारा) गुरू येतो, त्याच्यापुढे मी सरकलेलो नाही. मित्र म्हणतात, खेळच अन्यायी आहे, सोडून दे. पहिलाच बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, इतका अवघड ठेवण्यात काय शहाणपण आहे? आणि अवघड खेळ व वाईट बनवलेला खेळ यांतला फरक ओळखायचा कसा?

उत्तर: सोडू नका. मुराईपर्यंत येणारे साधे निंजा नुसते हल्ल्याचे बटण दाबत राहिले तरी मरतात, आणि त्यामुळे खेळणाऱ्याला वाटू लागते की खेळ असाच आहे. मुराई ती समजूत मोडण्यासाठीच तिथे उभा केला आहे. या खेळात अडवणे हा नियम आहे आणि हल्ला हा अपवाद आहे. अडवण्यासाठी कंट्रोलरचा डावा ट्रिगर दाबून धरा आणि पहिली काही मिनिटे तलवार उचलूच नका. नानचाकूच्या फटक्यांचा एक ठेका आहे, तो कानांनी ऐका. त्याची फटक्यांची मालिका संपली की क्षणभर तो मोकळा सापडतो. तेवढ्यात दोन-तीन वार करायचे आणि चौथ्याचा मोह न धरता पुन्हा अडवण्यावर यायचे. मात्र नुसते अडवून उभे राहिलात तर या खेळातले शत्रू जवळ येऊन धरतात आणि आपटतात, म्हणून अडवता अडवता लोळण घेऊन जागा बदलण्याची सवय लावून घ्या. माझा अंदाज असा आहे की तुमचा पराभव त्या चौथ्या वारात आहे.

आता फरक कसा ओळखायचा ते सांगते. प्रत्येक वेळी मेल्यावर, पुन्हा सुरू करण्याआधी, आपण का मेलो ते एका वाक्यात मोठ्याने सांगून पाहा. ‘मी हल्ला थांबवला नाही’, ‘मी मागे सरकत भिंतीला टेकलो’ असे वाक्य तयार झाले तर खेळ न्यायी आहे, कारण त्या वाक्यात दुरुस्तीही सांगितलेली आहे. ‘कुठून काय आले ते दिसलेच नाही’ असे वाक्य तयार झाले तर दोष खेळाचा आहे आणि तो तुम्ही स्वतःच्या अंगावर घेण्याचे कारण नाही. वाक्यच तयार होत नसेल, तर मात्र आपण बघत नव्हतो, नुसती बटणे दाबत होतो.

या कसोटीवर ‘निंजा गायडेन’ची मालिका पूर्णपणे निर्दोष ठरत नाही, आणि तिच्या चाहत्यांनी हे मान्य करायला हवे. तोमोनोबू इतागाकी यांच्या टीम निंजाने २००४ साली एक्सबॉक्ससाठी जो खेळ केला, त्याची लढाई आजही अजोड आहे. पण अरुंद जागेत त्याचा कॅमेरा खेळणाऱ्याला साथ देत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती रास्त आहे. तुमच्याकडे असलेल्या ‘ब्लॅक’मध्ये, म्हणजे त्याच खेळाच्या २००५ च्या सुधारित आवृत्तीत, कंट्रोलरच्या उजव्या काठीने कॅमेरा फिरवता येतो, ती सोय वापरा. २००८ च्या दुसऱ्या भागात पडद्याबाहेर उभे असलेले शत्रू स्फोटक शुरिकेन (फेकायची धारदार पाती) आणि रॉकेट मारतात. जे दिसत नाही ते अडवायचे कसे? तिथे मला एकही समाधानकारक वाक्य कधी तयार करता आले नाही.

आणि मूळचा, १९८८ सालचा खेळ तर मी लहानपणी खेळले आहे. मंगळबाजारातून आणलेली पिवळी कॅसेट होती, भाऊ आणि मी आळीपाळीने खेळत असू, एक मेला की दुसऱ्याने कंट्रोलर घ्यायचा. त्यात उडी मारताना पक्षी येऊन धडकतो, धडकेने आपला निंजा मागे फेकला जातो आणि सरळ खड्ड्यात पडतो. मारलेला शत्रू पडदा थोडा मागे सरकवला की पुन्हा तिथेच उभा राहतो. सर्वांत कठोर भाग सहाव्या अंकात आहे: शेवटच्या बॉसांपुढे हरलात की त्या अंकाच्या अगदी आरंभी परत जावे लागते. पुष्कळ खेळाडू आजही याचे समर्थन करतात. त्यांचे म्हणणे असे, की पक्षी दर वेळी त्याच जागी येतो, तेव्हा तो पाठ करता येतो. पाठ करता येतो हे खरे आहे, पण पहिल्या वेळी तो टाळण्याचा कोणताही मार्ग खेळाने दिलेला नसतो, आणि माझ्या मते ही अवघडपणाची कमी प्रतीची तऱ्हा आहे. मुराईचे तसे नाही. तो पहिल्या भेटीतही हरवता येतो, फक्त पाहावे लागते.

प्रश्न: मी बँकेत नोकरी करतो, वय ४१, राहणार कारेलीबाग. ‘सेकिरो’ दुसऱ्यांदा विकत घेतला. पहिल्या वेळी कंटाळून विकून टाकला होता. शत्रूचा वार तलवारीने परतवण्याची वेळ माझी नेहमी चुकते, बटण उशिरा दाबले जाते. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचे वय झाले. हे खरे आहे का?

उत्तर: आधी आपला टीव्ही तपासा, वयाकडे नंतर वळू. आजचे मोठे टीव्ही चित्र सुधारण्यासाठी प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे हालत्या चित्रातल्या एकेका स्थिर चित्रावर, काही प्रक्रिया करतात आणि त्यामुळे पडद्यावरची हालचाल प्रत्यक्षाहून मागे राहते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. टीव्हीने १०० मिलिसेकंद उशीर केला तर आपण सहा फ्रेम जुने चित्र पाहून बटण दाबत असतो. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, तलवार परतवताना मात्र सगळा घोळ याच सहा फ्रेममध्ये होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो सुरू करा. रंग थोडे फिके दिसतील, त्याची काळजी करू नका. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी या एका बदलानंतर त्याच संध्याकाळी अडलेला बॉस पार केला.

त्यानंतरही वेळ चुकत असेल तर दुसरे कारण घाईचे असते. घाबरलेला खेळाडू अडवण्याचे बटण भराभर दाबत सुटतो. ‘सेकिरो’ ही युक्ती ओळखतो: लागोपाठ दाबल्यास अचूक परतवण्यासाठी मिळणारा अवधी आखडत जातो. म्हणून एका वारासाठी एकदाच दाबावे. उत्तरायणात पेच लागल्यावर घाबरून दोर ओढणाऱ्याचा पतंग आधी जातो, हे आपल्या बडोद्यात गच्चीवरच्या लहान मुलालाही ठाऊक असते. इथेही हात शांत ठेवणारा टिकतो. जुन्या पडक्या देवळाशी हानबेई नावाचा न मरणारा योद्धा भेटतो, तो केवळ सरावासाठी आहे. त्याच्याशी रोज दहा मिनिटे लढा.

आणखी एक गोष्ट बरेच जण शेवटपर्यंत लक्षात घेत नाहीत. या खेळात शत्रूचे रक्त संपवण्यापेक्षा त्याचा तोल, म्हणजे खेळाडू ज्याला पोश्चर म्हणतात तो, मोडणे महत्त्वाचे असते. परंतु शत्रूचे रक्त जितके कमी, तितका त्याचा तोल सावकाश सावरतो. तेव्हा आरंभी काही वार खरोखर अंगावर बसवायचे आणि मग तलवारीला तलवार भिडवत दबाव वाढवत न्यायचा. दूर पळून दम घेतलात की तेवढ्या वेळात त्याचा तोल पुन्हा सावरतो आणि आपली मेहनत पाण्यात जाते. आपल्या तोलाची भीती मात्र बाळगू नका, कारण अचूक वेळी परतवलेल्या वाराने आपला तोल कधीच मोडत नाही. तांबडे जपानी चित्राक्षर डोक्यावर उमटले की तो वार साधेपणाने अडवता येत नाही: भोसकणारा असेल तर त्याच्याच दिशेने झेप घेऊन भाला किंवा तलवार पायाखाली दाबायची (ते कौशल्य आधी विकत घ्यावे लागते), पायांवर येणारा असेल तर उडी मारायची, धरायला येत असेल तर बाजूला व्हायचे. अशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो हा बॉस भेटेल, तिथे हे सगळे एकत्र लागते, आणि बहुतेकांना हा खेळ खऱ्या अर्थाने तिथेच समजतो.

वयाचे म्हणाल तर प्रतिक्रिया थोडी मंदावते हे खरे आहे. पण ‘सेकिरो’त ठेका ओळखण्याचे काम चपळाईपेक्षा मोठे आहे, आणि ठेका ४१ व्या वर्षी उत्तम शिकता येतो. चिरंजीवांना हे वाचून दाखवा.

प्रश्न: आम्ही मांजलपूरच्या दोघी मैत्रिणी. एकीचे मत असे की अवघड खेळात सोपी पातळी ठेवली की त्याची किंमत जाते. दुसरीचे मत असे की पैसे देऊन घेतलेला खेळ पूर्ण पाहता आला पाहिजे. ताई, आपण कोणाच्या बाजूने?

उत्तर: मी दुसरीच्या बाजूने आहे, पण पहिलीचे म्हणणे समजून घेतल्यावर. ‘सेकिरो’चे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची भूमिका अशी राहिली आहे की सर्वांनी एकाच आव्हानाला सामोरे जावे, म्हणजे सर्वांना त्याविषयी एकाच पायरीवरून बोलता येते. यात तथ्य आहे. गेनिचिरोला हरवलेला माणूस भेटला की काहीच समजावून सांगावे लागत नाही. २०१९ च्या गेम अवॉर्ड्समध्ये ‘सेकिरो’ वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला, तो पातळी निवडण्याची सोय नसतानाच.

‘ब्लॅक’ने सोपी पातळी दिली, पण पाहा कशी. पहिल्या टप्प्यात वारंवार मेल्यावर अयाने नावाची निंजा तरुणी येऊन हिणवते आणि ‘निंजा डॉग’ नावाची पातळी पुढे करते. ती स्वीकारली की नायकाच्या हाताला रिबीन बांधलेली दिसते. अनेक खेळाडूंना ही गंमत वाटते. मला ती कधीच आवडली नाही, कारण मदत मागणाऱ्याचा अपमान करून त्याच्या हाताला खूण बांधणे ही शिकवण्याची रीत नव्हे.

आणि ज्यांची बोटे किंवा डोळे सगळ्यांसारखे चालत नाहीत, त्यांचा विचार या वादात फार उशिरा येतो. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने आणि २०२३ साली सोनीने अशा खेळाडूंसाठी वेगळे कंट्रोलर आणले, पण खेळातच वेग कमी करण्याची सोय नसेल तर त्या कंट्रोलरचा उपयोग अर्धाच राहतो. सोपी पातळी असल्याने अवघड पातळीवर खेळणाऱ्याचे एका फ्रेमचेही नुकसान होत नाही. त्या पहिल्या मैत्रिणीने तिच्या पातळीवर खुशाल खेळावे.

प्रश्न: दांडिया बाजारात माझे घर आहे. तरुणपणी मी मुलांना मल्लखांब शिकवीत असे. माझा १३ वर्षांचा नातू ‘सेकिरो’ खेळतो, एकाच राक्षसाकडून पन्नास वेळा मरतो आणि पुन्हा बसतो. हा हट्ट चांगला समजावा की वाईट?

उत्तर: हट्ट चांगला आहे, खेळ मात्र त्याच्या वयाचा नाही. ‘सेकिरो’ आणि ‘निंजा गायडेन’ हे दोन्ही खेळ अतिशय रक्तरंजित आहेत आणि प्रौढांसाठी म्हणूनच वर्गीकृत आहेत. तो बंद करताना त्याला कारण सांगावे आणि रिकाम्या हाताने ठेवू नये. २०१८ सालचा ‘द मेसेंजर’ हा निंजाचाच खेळ आहे. चित्रे जुन्या पद्धतीच्या बारीक चौकटींची असल्यामुळे हिंसा भडक दिसत नाही, आणि उड्यांचा कस पुरेपूर लागतो.

पन्नास वेळा मरण्याविषयी आपल्याला मी काय सांगावे! एरंडेल लावलेल्या खांबावरून घसरलेल्या मुलाला आपण विचारत असाल की पकड कुठे सुटली, मांडीची की बगलेची. तोच प्रश्न नातवाला विचारा. पडद्यावरचे काही कळले नाही तरी चालेल, शेजारी बसून इतकेच विचारा की या वेळी काय चुकले. त्याने नेमके उत्तर दिले तर त्याचा सराव चालू आहे. ‘माहीत नाही’ म्हणून तो तावातावाने पुन्हा बटणे दाबू लागला, तर त्या दिवसापुरते उठवा आणि खाली अंगणात न्या.

प्रश्न: ‘निंजा गायडेन’ नव्याने सुरू करायचा तर कोणत्या भागापासून? (सयाजीगंज)

उत्तर: एक्सबॉक्स असेल तर ‘ब्लॅक’. प्लेस्टेशन किंवा संगणक असेल तर २०२१ चा ‘मास्टर कलेक्शन’ घ्या. त्यातला ‘सिग्मा’ हा त्याच पहिल्या खेळाचा अवतार आहे. तिसऱ्या भागाची घाई करू नका. टीम निंजा आणि प्लॅटिनमगेम्स यांनी मिळून केलेला चौथा भाग ऑक्टोबर २०२५ मध्ये आला आणि त्याच महिन्यात इतागाकी यांचे निधन झाले. म्हणूनही असेल, पण मी सुचवेन की आरंभ त्यांच्या खेळापासून करावा. मुराईपाशी अडलात तर पहिले उत्तर वर आहेच.