गरोदरपणात नीट खाल्लं की बाळंतपणानंतरचं डिप्रेशन टळतं का?

नुसत्या खाण्यानं टळत नाही ओ, पण खाण्याचा काहीच संबंध नाही असंपण नाही. रक्त कमी असलं की थकवा, चिडचिड वाढते आणि डिप्रेशनचा धोकाही वाढलेला दिसतो, आणि २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना ॲनिमिया निघालाय.

आमची वहिनी सांगलीची, लोहाची गोळी रोज घ्यायची पण वर लगेच कपभर चहा, मग ती अंगी लागणार कशी? चहानं लोह नीट शोषलंच जात नाही, त्यापेक्षा लिंबूपाण्यासोबत घ्या. बाकी डाळी, पालेभाजी, अंडी, मासे, जवसाची चटणी.

पण खरं सांगू, बाळंतपणात माहेरी मिरजेला डबाभर डिंकाचे लाडू खाऊनसुद्धा ती तिसऱ्या आठवड्यात बाळाकडं बघून नुसती रडायची आणि घरचे दृष्ट काढत बसलेले! पहिले काही दिवस रडू येणं कॉमन आहे, दोन आठवड्यांपुढं गेलं तर डॉक्टरला दाखवा, डिप्रेशन आहे का ते बघायला १० प्रश्नांची एडिनबर्ग टेस्ट असते, पाच मिनिटांत होते. आधी कधी डिप्रेशन झालेलं असेल तर ते गरोदरपणातच सांगून ठेवा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीत बोलतात.