जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दिवसा बसायला आणि रात्री झोपायला सोयीची आसनं कशी करावीत? गादी कोणती घ्यावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) जुनी ट्रॅव्हलर घेतली आहे, प्रवासाला तुम्ही दोघं आणि सत्तरीच्या सासूबाई असाल, त्यांचे गुडघे दुखतात, आणि कोकण-गोव्यापासून हिवाळ्यातल्या राजस्थानपर्यंत फिरायचा बेत आहे. मी सांगलीत गाड्यांच्या सीट आणि कुशनचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. घाईत काम उरकून घेतलेली आणि मग वर्षभर पाठ धरून बसणारी माणसं बघितली की वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक दुकानात येतात ते मोबाइलवर परदेशी गाडीचा व्हिडिओ घेऊन. टेबल खाली सरकतं, पाठ आडवी होते, मिनिटभरात पलंग तयार. बघायला छानच वाटतं. पण दिवसभर गाडी चालवून, घाट उतरून, रात्री साडेनऊला पोचल्यावर सामान हलवून, टेबल काढून, सहा कुशन जुळवायचा उत्साह कोणालाही नसतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की काहीही न उलगडता, आहे तशा बाकावर माणसाला झोपता आलं पाहिजे. उलगडून मोठा पलंग करायची सोय जरूर ठेवा, पण झोप तिच्यावर अवलंबून नको.

सासूबाईंचं अंथरूण तर रोज उलगडायचं ठेवूच नका. ड्रायव्हरच्या मागे, उजव्या बाजूला, गाडीच्या लांबीत सहा फुटांचा कायमचा बिछाना करा. त्यांना दुपारी चार वाजता आडवं व्हावंसं वाटलं तर कोणाला उठवावं लागू नये. याची उंची बसल्यावर एकोणीस इंच राहू द्या. आपल्या नेहमीच्या खुर्चीपेक्षा हे किंचित जास्त आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला खोल बसण्यापेक्षा उंचावरून उठणं सोपं जातं. हाताशी भिंतीला एक मजबूत दांडी बसवा, ती पत्र्यात नाही, आतल्या सांगाड्यात कसलेली हवी.

चालत्या गाडीत मात्र त्यांनी त्या बिछान्यावर बसायचं नाही. डाव्या बाजूची कंपनीची एक मूळ सीट, समोर तोंड असलेली, बेल्टसह तशीच ठेवा. लांबीतल्या बाकावर खिडकीकडे पाठ करून बसलेला माणूस जोराच्या ब्रेकला बाजूला फेकला जातो, आणि प्लायला स्क्रूने लावलेला बेल्ट अशा वेळी उपयोगाचा नाही. याबाबत मी कोणाचं ऐकत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

आता मागचा भाग. तिथे चाकांच्या कमानी आत येतात आणि सगळी जागा खातात. दोन्ही बाजूंना लांबीत बाक केले की कमानी त्यांच्या पोटात जातात, उरलेल्या पोटात कपडे, पाण्याचे कॅन, भांडी. बाकाची लांबी सहा फूट दोन इंच, रुंदी बावीस इंच आणि मधली वाट वीस इंच धरा. पाठीची कुशनं दहा-दहा इंच उंचीची. रात्री वाटेवर फळ्या टाकल्या की दोन्ही पाठी शेजारी-शेजारी बरोबर त्या वीस इंचात बसतात, आणि चौसष्ट इंच रुंद पलंग होतो. ज्या दिवशी कंटाळा येईल त्या दिवशी दोघांनी रेल्वेच्या बर्थसारखं आपापल्या बाकावर झोपायचं. शिवाय गाडीच्या लांबीत झोपलं की कुशनचे सांधेही लांबीत येतात. आडव्या सांध्यावर कंबर रुतते, तो त्रास इथे होत नाही.

बावीस इंच का, हेही सांगतो. परदेशी आराखड्यात पाय खाली सोडून बसणारा माणूस धरलेला असतो, आपण पाच मिनिटांत मांडी घालतो. पाठीचं चार इंचांचं कुशन लावल्यावर बसायला अठरा इंच उरतात, ते जेवताना ठीक. मांडी घालायची असेल तेव्हा पाठ काढायची आणि भिंतीला लोड लावायचा. दहा इंचांची पाठ कंबरेलाच पुरते, त्यामुळे दोन लोड तसेही लागतीलच. रात्री तेच उशाला.

बाकाचा सांगाडा साडेचौदा इंच, वर चार इंच फोम. बसल्यावर फोम इंचभर दबतो आणि सतरा-साडेसतरा इंच उंची मिळते. सासूबाईंचा सांगाडा याच हिशेबाने दीड-दोन इंच चढवा.

फोमबद्दल दुकानदार पहिल्यांदा ‘किती डेन्सिटी?’ विचारेल. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किलोत. तो आकडा टिकाऊपणा सांगतो, मऊ की कडक ते सांगत नाही. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही, म्हणून हाताने दाबून नाही, बसून आणि कुशीवर झोपून बघा. मी अशा कामाला खाली तीन इंच चाळीस डेन्सिटीचा एचआर फोम (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबून सोडला की लगेच उसळून वर येणारा) घालतो आणि वर एक इंच मऊ थर. बसताना खालचा थर तोलतो, झोपताना खांदा आणि खुबा वरच्या थरात सामावतो. बाकाच्या पुढच्या कडेला चार इंच रुंदीची रिबॉन्डेड फोमची (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेल्या कडक फोमची) पट्टी चिकटवून घ्या, नाहीतर बसून-बसून कड ढासळते आणि रात्री माणूस वाटेकडे घरंगळतो. पाठीच्या कुशनलाही हाच फोम, हीच जाडी. तिथे मऊ फोम घालून पैसे वाचवले की पलंगाच्या मधोमध खड्डा तयार.

पूर्ण गादी रिबॉन्डेडची करा असा सल्ला तुम्हाला मिळेल. तुमच्या मागच्या पलंगाला चाळीस डेन्सिटीचा फोम साधारण साडेबारा किलो भरेल, शंभर डेन्सिटीचा रिबॉन्डेड एकतीस किलो, आणि झोपायला तो फळीसारखा लागतो. काथ्याची गादी घरच्या पलंगावर उत्तम, पण गाडीत उचल-ठेव करताना ती वाकवली की आतून तुटते. हवेची गादी पहाटेच्या थंडीत सैल पडते. स्प्रिंगच्या गादीचा विचारही नको.

प्लायबाबत सुतार घरातल्या सवयीने अठरा एमएम सुचवतात. आठ बाय चारचा अठरा एमएमचा ताव पस्तीस किलोच्या आसपास जातो, बारा एमएमचा तेवीस. खाली चौकोनी पाइपचा सांगाडा जवळ-जवळ आधार देत असेल तर बारा एमएम पुरतो. मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा.

आणि फळी सलग ठेवू नका. बंद गाडीत माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ खाली झिरपते, थंड फळीला लागून तिचं पाणी होतं आणि गादीच्या पोटाला काळी बुरशी धरते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हे फार लवकर होतं. फळीला दर तीन-चार इंचांवर इंचभराची भोकं पाडा किंवा दोन इंच फटी ठेवून पट्ट्या लावा. समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्री बोटभर उघड्या, जाळी लावून. सकाळी कुशनं तासभर उभी करून ठेवा. राजस्थानात डिसेंबरमध्ये याच भोकांतून गार लागतं, तेव्हा कुशनखाली घोंगडी पसरायची आणि सकाळी काढायची.

रेक्झिन पुसायला सोपं, पण त्यावर झोपणं म्हणजे घामाची आंघोळ. वर जाडसर सुती कॅनव्हास, आत मांजरपाटाचं अस्तर, खालच्या बाजूला जाळीचं कापड. कव्हरला चेन हवीच, आणि ती मागच्या लांब बाजूला. पायपिन, म्हणजे शिवणीत घालतात ती दोरीची कड, फक्त दर्शनी कडेला लावायला सांगा. चारी बाजूंना लावली की दोन कुशनच्या सांध्यावर दोन दोऱ्या उभ्या राहतात आणि रात्रभर बोचतात. सांधे झाकायला वेगळा टॉपर (गादीवर पसरायचा पातळ थर) घेऊ नका, तो दिवसा ठेवायचा कुठे? जुन्या सुती साड्यांची चांगली जाड गोधडी अंथरा. सांधे बुजतात, घाम शोषला जातो, घडी होते आणि धुताही येते. पावसाळ्यात मात्र पातळ गोधड्या दोन न्या, जाड एक वाळत नाही.

एक काम सीट काढण्याआधीच करा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलापेक्षा वेगळा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही, आणि सीट कमी करणं त्यात येतं. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस १२४ हे वाहनांचं वेगळं मानक आहे. आराखडा घेऊन आधी आरटीओत विचारा, मग विमा कंपनीला लेखी कळवा.

सुताराकडे जाण्यापूर्वी घरात जमिनीवर खडूने गाडीचा आतला आकार काढा, विटा आणि फळ्या मांडून बाक उभे करा, आणि त्यावर जेवा, झोपा. सासूबाईंना स्वतः बसवून, उठवून उंची ठरवा. माझे आकडे सर्वसाधारण आहेत, त्यांचे गुडघे त्यांचे आहेत.

कुशनवाल्याकडे कागदावरची मापं घेऊन जाऊ नका, सांगाडा बसल्यावर त्याला गाडीवर बोलवा. फोम कव्हरपेक्षा अर्धा इंच मोठा कापायला सांगा, म्हणजे कव्हर ताठ राहतं. तुमच्या गाडीची आतली रुंदी खांद्याच्या उंचीला आणि चाकांच्या कमानीवर अशी दोन्हीकडे मोजून खाली लिहा. चौसष्टच्या आत येत असेल तर वाट आणि पाठी किती कमी करायच्या ते सांगतो.