नाट्यगृह बांधणारं विद्यापीठ मुलीसाठी निवडावं का?

नमस्कार,

तुमच्या मुलीला प्रकाशयोजना शिकायची आहे आणि तिच्या पसंतीचं सरकारी विद्यापीठ मोठं नाट्यगृह बांधतंय. हा पैसा प्रयोगशाळांवर आणि प्राध्यापकांवर का खर्च करत नाहीत, असं तुम्ही विचारलं आहे.

तिच्या विषयाची प्रयोगशाळा नाट्यगृहच आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय लागतं, तसंच हे. कोणत्या कोनातून प्रकाश टाकला की नटाचे डोळे अंधारात जातात, हे फळ्यावर समजत नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाचं क्रॅनर्ट सेंटर १९६९ साली सुरू झालं. तिथे रंगमंचांबरोबरच नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश आणि ध्वनी यांच्या कार्यशाळा आहेत. बाहेरचे नामवंत कलावंत जिथे कार्यक्रम करतात, तिथेच विद्यार्थीही काम करतात. पडद्यामागच्या व्यवसायात माणूस असाच घडतो.

दुसरं कारण गावाचं. अनेक सरकारी विद्यापीठं महानगरांपासून लांब आहेत आणि तिथे मोठा वाद्यवृंद यायचा तर योग्य सभागृह बहुधा विद्यापीठाकडेच असतं. आयोवा विद्यापीठाचं हँचर सभागृह २००८ च्या पुरात निकामी झालं, तरी कार्यक्रम इतर जागी चालू ठेवले आणि २०१६ मध्ये नवं सभागृह उघडलं. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने परिसरातल्या लोकांनाही काही द्यावं, हे मला मनापासून पटतं.

पैशाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. देणगी ठरावीक कामासाठी मिळाली असेल, तर ती पगारांकडे वळवता येत नाही. मिशिगन विद्यापीठाचं १९१३ चं हिल ऑडिटोरियम आर्थर हिल यांनी मृत्युपत्रात त्यासाठीच ठेवलेल्या दोन लाख डॉलरमुळे उभं राहिलं. मात्र वीज, देखभाल, कर्मचारी हा खर्च दरवर्षीचा असतो. तो कुठून भागवणार आणि त्याचा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडणार का, हे अवश्य विचारा. तिथे तुमची शंका रास्त आहे.

प्रवेशाआधी मुलीला विभागात पाठवा. वर्षातले किती दिवस रंगमंच विद्यार्थ्यांना मिळतो, किती दिवस भाड्याने जातो? प्रकाश नियंत्रण कक्षात पहिल्या वर्षापासून बसू देतात का? बाहेरच्या संघांबरोबर काम केल्याचे पैसे मिळतात का? शक्य असेल तर तिने एखाद्या तालमीलाही बसावं. दिव्यांची जुळणी विद्यार्थी करताना दिसले, तर निर्धास्तपणे प्रवेश घ्या. सगळं काम बाहेरची कंपनीच करत असेल, तर दुसरं विद्यापीठ बघा.